वाढदिवसाचा स्पंज केक मधोमध का बसतो? तपासणी कुठून सुरू करावी

ओव्हनच्या काचेतून पाहिले तेव्हा केक भांड्याच्या काठापर्यंत फुगलेला होता, घरभर व्हॅनिलाचा वास सुटला होता, आणि बाहेर काढून ओट्यावर ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत त्याच्या मधोमध वाटीएवढा खळगा पडला. हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकले आहे की शेजारची मुलगी दारात उभी राहून "काकू, पुन्हा बसला" एवढेच म्हणाली, तरी पुढचे मला कळते. गेली बारा-तेरा वर्षे मी घरच्या आणि ओळखीच्या मुलांच्या वाढदिवसांचे केक करते आहे, आणि सुरुवातीची दोन वर्षे माझेही केक असेच बसत होते. त्या काळात मी दर वेळी पाककृती बदलत असे. पाककृती बदलली की मैदा, साखर, सोडा, भांडे, वेळ असे सगळेच एकदम बदलते आणि मूळ दोष कुठे होता हे कधीच हाती लागत नाही. म्हणून पुढची सगळी तपासणी एकाच कृतीला धरून आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आकडे देताना माझ्यासमोर दोन नेहमीच्या कृती आहेत. पहिला अंड्याचा स्पंज: ४ अंडी, १२० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम मैदा, १ सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर, ३ मोठे चमचे तेल. दुसरा बिनअंड्याचा, दह्यातला: दीड कप मैदा, १ कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दोन्हींसाठी ७ इंची गोल भांडे आणि १८० अंश सेल्सिअस तापमान धरले आहे. अंड्याच्या केकला ३० ते ३५ मिनिटे लागतात, दह्याच्या केकला ३५ ते ४०.

आधी लक्षणे

केक बसला एवढे सांगून भागत नाही, तो केव्हा बसला हे सांगावे लागते. भांड्यातले मिश्रण कडेकडून तापत आत जाते, त्यामुळे मधला भाग सर्वांत शेवटी शिजतो. या वेळात आतली हवा, सोड्यापासून सुटलेला वायू आणि पाण्याची वाफ मिश्रणाला वर उचलत असतात, आणि त्याच वेळी अंड्यातली प्रथिने व मैद्यातला स्टार्च शिजून जाळीच्या भिंती पक्क्या होत असतात. भिंती पक्क्या होण्याआधी वायू निसटला की केक खाली येतो, आणि मधल्या भिंती सर्वांत उशिरा पक्क्या होत असल्यामुळे खळगा मध्येच पडतो. म्हणजे दोष एकतर वायूचा असतो, तो जास्त झाला किंवा वेळेआधी सुटला. नाहीतर उष्णतेचा असतो, ती कमी पडली किंवा उशिरा पोहोचली.

केक ओव्हनमध्ये असतानाच पंधरा-वीस मिनिटांत भराभर वर आला आणि रंग चढण्याआधीच मधोमध खाली गेला, तर सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाल्याचा संशय आधी घ्यावा. अशा केकची जाळी मोठ्या, ओबडधोबड भोकांची असते, रंग अंमळ पिवळट-तपकिरी येतो आणि जिभेवर साबणासारखी किंवा धातूसारखी चव राहते.

ओव्हनमध्ये शेवटपर्यंत चांगला होता आणि बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बसला, तर तो मध्ये कच्चा राहिलेला आहे. कापल्यावर खळग्याच्या बरोबर खाली ओलसर, चकचकीत, खरवसासारखा दिसणारा पट्टा सापडतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक याच प्रकारच्या असतात.

वरून सपाट दिसतो, पण कापल्यावर तळाला घट्ट, रबरासारखा थर निघतो, तेव्हा दोष बहुधा मिश्रण कालवण्यात असतो. आणि केक थंड होताना सगळीकडून सारखाच थोडा खाली आला, कडा भांड्यापासून किंचित सुटल्या, तर त्यात दोष काहीच नाही. स्पंज निवताना आतली वाफ आकसते आणि तो तेवढा उतरतोच. वर मोठा घुमट येऊन तडा जातो ती तक्रार निराळी आहे, ती ओव्हन जास्त तापल्याची असते.

फुकटच्या तपासण्या: वेळ आणि दार

सर्वांत आधी पुढच्या केकला सात-आठ मिनिटे जास्त देऊन पाहावीत. पाककृतीत लिहिलेली वेळ ज्या ओव्हनमध्ये मोजली तो ओव्हन आपला नसतो. वरचा रंग सोनेरी झाला म्हणजे केक झाला, ही समजूत सोडून द्यावी. वरच्या रॉडच्या जवळ असेल तर कच्चा केकही छान सोनेरी होतो. टूथपिक बरोबर मधोमध आणि तळापर्यंत घालावी. कडेला घातलेली टूथपिक वीस मिनिटांनीसुद्धा कोरडी निघते आणि तिच्यावर विसंबून केक बाहेर काढला जातो. टूथपिकला कोरडे चार कण चिकटले तर चालतात, ओली रेघ चालत नाही. बोटाने मध्यावर हलकेच दाबून पाहावे: खड्डा भरून वर आला तर भिंती पक्क्या झाल्या आहेत, तसाच राहिला तर नाहीत. घरात स्वयंपाकाचा टोचण्याचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. वरचा भाग काळपट होऊ लागला आणि आत कच्चे असेल, तर वर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर ठेवून शिजवणे चालू ठेवावे.

दुसरी फुकटची तपासणी दाराची. पहिली पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडू नये. लहान ओटीजीत (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये) हवाच थोडी असते, त्यामुळे दार उघडताच तापमान झर्रकन खाली येते, फुगलेल्या पण न शिजलेल्या जाळीतला वायू आकसतो आणि मधला भाग खाली जातो. दार लावल्यावर ओव्हन पुन्हा तापतो, पण तोवर बसलेला भाग पुन्हा उठत नाही. वाढदिवसाच्या घरात मुले दर पाच मिनिटांनी काचेला नाक लावायला येतात. त्यांना काचेतून पाहू द्यावे, फक्त दाराच्या मुठीला हात लावू देऊ नये आणि काचेपासून वीतभर अंतर ठेवायला सांगावे, कारण ती काच चांगलीच भाजते.

या दोन तपासण्यांत दोष सापडला तर पुढचे काहीही करू नये. पुष्कळ घरांत तो इथेच सापडतो.

काही रुपयांच्या तपासण्या: सोडा, पावडर आणि चमचे

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरड्या रूपातले आम्ल आणि ओल शोषण्यासाठी स्टार्च असे तीन पदार्थ एकत्र असतात. डबा उघडा राहिला किंवा ओला चमचा बुडवला की सोडा आणि आम्ल यांचे काम डब्यातच सुरू होते आणि केकसाठी काही उरत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे फार लवकर घडते. पाव कप गरम पाण्यात अर्धा चमचा पावडर टाकावी. लगेच जोरात फेस आला तर ती चांगली आहे, उगीच चार बुडबुडे आले तर टाकून द्यावी. सोड्याची परीक्षा व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकून करावी. उघडलेल्या डब्यावर तारीख लिहून ठेवावी आणि सहा महिन्यांनी नवा आणावा.

शिळ्या पावडरीने केक बसण्यापेक्षा मुळात फुगतच नाही, हे खरे. पण बसलेल्या केकचा उगम पुष्कळदा याच शिळ्या डब्यात असतो. आमच्याच इमारतीत एका घरी केक चपटा झाला म्हणून पुढच्या वेळी एका चमच्याऐवजी दोन चमचे पावडर घातली गेली. दरम्यान डबा संपून नवा आला होता. ताज्या पावडरीचे दोन चमचे १२० ग्रॅम मैद्याला भारी पडले, केक वीस मिनिटांत भांड्याबाहेर डोकावला आणि पंचविसाव्या मिनिटाला मध्ये कोसळला. एक कप मैद्याला १ ते सव्वा चमचा बेकिंग पावडर पुरते. सोडा त्याच्या साधारण चौपट जोराचा असतो, म्हणून कपाला पाव चमचा पुरे, आणि त्याला दही, व्हिनेगर किंवा लिंबू यांची जोड हवीच. दह्याच्या केकमध्ये दोन्ही असतात. तिथे सोड्याचे माप कपाला पाव चमच्याहून थोडे जास्त असते, ते भरपूर दह्याच्या आंबटपणामुळे खपते. दही कमी घेतले आणि सोडा तेवढाच ठेवला तर ती साबणासारखी चव येणारच.

चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा सपाट चमचा. घरातले चहाचे चमचे काही ३ मिलिलिटरचे असतात, काही ७ मिलिलिटरचे, आणि शीग लावून भरला तर तोच चमचा दीडपट होतो. कप २४० मिलिलिटरचा धरतात, आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर प्रमाण टिकते, पण सोडा मात्र चमच्याने आणि अंडी मोजून घेतली जातात, त्यामुळे तिथे प्रमाण बिघडते. मापाच्या चमच्यांचा संच स्वस्तात मिळतो. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा काहीशे रुपयांत येतो, आणि केकसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. चाळून हलक्या हाताने भरलेल्या एका कपात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो, तोच दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. मैदा कमी पडला तर भिंती बांधायला सामान कमी पडते.

साखरेचे माप मनाने वाढवू नये. साखर अंड्यातली प्रथिने घट्ट होण्याचे आणि स्टार्च शिजण्याचे तापमान वर नेते, म्हणजे गोड वाढवले की मध्यभाग आणखी उशिरा पक्का होतो. मे महिन्यात वाढदिवस असला की केकमध्ये हापूसचा रस घालण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो घालावा, पण दह्याऐवजी काही भाग म्हणून घालावा. सगळे जिन्नस तसेच ठेवून वर अर्धी वाटी रस ओतला, तर जादा पाणी आणि जादा साखर दोन्ही एकदम पडतात.

भांडे

भांड्याचा तळ मोजावा. ७ इंचांऐवजी ६ इंची भांडे घेतले तर तळाचे क्षेत्रफळ जवळजवळ तीन चतुर्थांशावर येते आणि मिश्रणाची उंची तिसऱ्या हिश्शाने वाढते. एवढ्या उंच मिश्रणाच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचेतो कडा करपू लागतात. भांडे अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भरावे, उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करावेत. तळाला बटर पेपर घालावा. अंड्याच्या स्पंजला कडांना तुपाचा जाड थर देऊ नये, कारण तो वर चढताना भांड्याच्या कडेचा आधार घेतो.

मिश्रण कालवताना

इथे खर्च काही नाही, पण हात बसायला दोन-चार केक जातात, म्हणून हा भाग मी मापांनंतर ठेवला आहे.

अंड्याच्या स्पंजमध्ये खरे काम अंड्यात कोंडलेल्या हवेचे असते, बेकिंग पावडर तिला केवळ हातभार लावते. फ्रीजमधली थंडगार अंडी नीट फुलत नाहीत. ती तासभर बाहेर ठेवावीत, किंवा अंडी-साखरेचे पातेले कोमट पाण्यावर धरून फेटायला सुरुवात करावी. इलेक्ट्रिक बीटरने सात-आठ मिनिटे फेटल्यावर मिश्रण फिकट, जाड आणि तिप्पट होते. बीटर वर उचलून धार सोडली तर ती पृष्ठभागावर फितीसारखी पडली पाहिजे आणि मनात सावकाश चार मोजेपर्यंत बुडता कामा नये. लगेच बुडत असेल तर आणखी दोन मिनिटे फेटावे. त्यानंतर बीटर बाजूला ठेवून दोनदा चाळलेला मैदा तीन भागांत घालावा आणि उलथन्याने मधून कापत, तळातून वर आणत, कट अँड फोल्ड पद्धतीने मिसळावा. तेल थेट वरून ओतले तर ते फेस फोडत तळाशी जाते आणि तिथेच तो रबरी थर बनतो. म्हणून डावभर मिश्रण वेगळे काढून त्यात तेल एकजीव करावे आणि मग ते सगळ्यात मिसळावे.

बिनअंड्याच्या केकमध्ये अशी कोंडलेली हवा नसते, सगळी भिस्त सोड्यावर असते, आणि सोडा दह्याला लागताक्षणी कामाला लागतो. त्यामुळे सोडा पडल्यापासून पाच मिनिटांच्या आत भांडे तापलेल्या ओव्हनमध्ये गेले पाहिजे. इनो वापरत असाल तर त्याहून घाई हवी, कारण त्यातला सोडा आणि आम्ल ओलाव्याने लगेच उसळतात. दही पातळ, पाणी सुटलेले असेल तर दहा मिनिटे फडक्यात टांगून मग मोजावे. मैदा घातल्यावर गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. भज्यांच्या पिठासारखे घोटत बसले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केकमध्ये उभी बोगदेवजा भोके पडतात.

एक चूक मी फार घरांत पाहिली आहे. वाढदिवसाला दोन थरांचा केक करायचा असतो, ओटीजीत एका वेळी एकच भांडे मावते, म्हणून सगळे मिश्रण एकदम कालवून दोन भांड्यांत ओतले जाते आणि दुसरे भांडे पाऊण तास ओट्यावर वाट पाहत राहते. पहिला थर सुंदर होतो, दुसरा बसतो, आणि घरचे म्हणतात की ओव्हन कधी चालतो, कधी चालत नाही. ओव्हनचा यात काही दोष नाही. दुसऱ्या भांड्यातला वायू वाट पाहतानाच निघून गेलेला असतो. दुसऱ्या थराचे कोरडे आणि ओले जिन्नस वेगवेगळे मोजून ठेवावेत आणि पहिला थर बाहेर आल्यावरच एकत्र करावेत. अंड्याचा असेल तर दुसऱ्या थराची अंडीही तेव्हाच फेटावीत.

ओव्हन खरेच किती तापतो

इथवर काही सापडले नसेल तर ओव्हनकडे वळावे. ओटीजी किमान पंधरा मिनिटे, वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून, रिकामा तापवावा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेल्या केकच्या मिश्रणातला वायू आधी सुटतो आणि भिंती शिजवणारी उष्णता मागाहून येते. भांडे असे ठेवावे की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी यावा, आणि ते मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला टेकू नये.

ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान एकच असते, असे गृहीत धरू नये. जाळीवर ठेवण्याचा ओव्हन थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. आमच्या मजल्यावरच्या एका घरी सलग तीन केक बसले, तेव्हा मी माझा थर्मामीटर घेऊन गेले. बटण १८० वर होते, तापल्याचा दिवा विझला होता, म्हणजे ओव्हनच्या मते काम झाले होते. आम्ही दोघी काचेपाशी वाकून पाहत राहिलो. काटा १४० वरून सावकाश १५० पर्यंत आला आणि तिथेच थांबला. बटण २१० वर नेले तेव्हा काटा १८० ला टेकला. त्या दिवशीचा केक २१० च्या खुणेवर केला आणि तो सरळ राहिला. बटणापाशी तिने पांढऱ्या चिकटपट्टीवर "२१० म्हणजे १८०" असे लिहून ठेवले आहे, आणि पाककृती तीच आहे.

काटा एकदा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करतो तसे तापमान वरखाली होत राहते. वीस मिनिटांत दर पाच मिनिटांनी आकडा लिहून सरासरी काढावी. फरक २०-३० अंशांपर्यंत आणि दर वेळी सारखाच असेल तर बटण तेवढे पुढेमागे करून भागते. आज १५० आणि उद्या २०० असा येत असेल तर थर्मोस्टॅट बिघडला आहे.

विजेचा दाब हे कारण फार थोड्यांच्या लक्षात येते. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारा ओव्हन १९० व्होल्टवर जेमतेम १००० वॉटच्या आसपास देतो. दाब सहाव्या हिश्शाने घटला, तर उष्णता तिसऱ्या हिश्शाने घटते. माझ्या बहिणीच्या गावी संध्याकाळी साडेसातनंतर दिवे मंदावतात आणि तिचे केक त्या वेळी बसतात. दुपारी दोनला केलेला केक त्याच ओव्हनमध्ये उभा राहतो. ज्यांच्याकडे असे होते त्यांनी केक दुपारी करावा, किंवा तापवण्याची वेळ पंचवीस-तीस मिनिटांवर न्यावी आणि थर्मामीटरवर १८० दिसल्याशिवाय भांडे आत ठेवू नये.

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या १३०० मीटरच्या आसपासच्या उंचीवर आणखी एक गोष्ट घडते: हवेचा दाब कमी असल्यामुळे वायू अधिक फुगतो आणि पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे बेकिंग पावडर पाव चमच्याने कमी आणि मैदा एक मोठा चमचा जास्त घेऊन पाहावा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा पातेले घ्यावे, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटे मध्यम आच आणि भांडे ठेवल्यावर मंद आच. पाण्याशिवाय कुकर तापवणे मी टाळते. ज्यांना तोच वापरायचा आहे त्यांनी गॅस्केट आणि शिट्टी दोन्ही काढल्याखेरीज कुकर आचेवर ठेवूच नये.

बसलेल्या केकचे काय करावे

तो पूर्ण शिजलेला असेल तर कडेचा उंच भाग धारदार सुरीने सपाट कापावा, केक उलटा करून तळाची बाजू वर घ्यावी आणि मधल्या थरात क्रीम थोडे जास्त भरावे. पाहुण्यांना काही कळत नाही. मध्ये कच्चा असेल आणि पाच मिनिटांत लक्षात आले, तर परत ओव्हनमध्ये ठेवून शिजवता येतो, पण तो पुन्हा फुगणार नाही. अंडी घातलेला केक मध्ये ओला राहिला असेल आणि थंड झाला असेल, तर तो मुलांना देऊ नये. कच्च्या अंड्याचा धोका पत्करण्याएवढा कोणताही केक महत्त्वाचा नाही.

आदल्या संध्याकाळी कारण न सापडता दोन केक बसले, तर तिसरा करत रात्र जागू नये. जवळच्या बेकरीत किंवा घरगुती केक करणाऱ्या ताईंना फोन करून साधा स्पंज मागवावा आणि सजावट घरी करावी. तपासणी पुढच्या आठवड्यात निवांत करता येते.

कुठे थांबून कारागीर बोलवावा

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले किंवा झटका बसला, तर मेन स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि ओव्हन पुन्हा लावून पाहू नये. अर्थिंग तुटलेले असू शकते, आणि ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात हा दोष जिवावर बेततो. प्लग तपकिरी पडला, वितळला, जळका वास आला, किंवा ओव्हन लावताच एमसीबी (जादा वीज ओढली की आपोआप बंद होणारा मीटरजवळचा स्विच) पडू लागला, तरीही तेच करावे. १५०० वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअर घेतो, त्यामुळे तो ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर चालवूच नये. १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

एक रॉड लाल होत नसेल, थर्मोस्टॅट तापमान तोडतच नसेल, किंवा फरक ३० अंशांहून जास्त असेल, तर तो दुरुस्तीचा विषय आहे. मागचा पत्रा स्वतः उघडू नये. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह तर मुळीच उघडू नये, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक भार शिल्लक राहू शकतो. गॅसवरचा ओव्हन असेल आणि गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता घराबाहेर यावे आणि १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

कारागीर आला की "केक बसतो" एवढेच सांगू नये, त्यातून त्याला काही कळत नाही. बटण कितीवर होते, थर्मामीटर किती दाखवत होता, किती मिनिटांनी, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि कोणता रॉड पेटत नव्हता, हे लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा. दुरुस्ती झाल्यावर तो असतानाच ओव्हन रिकामा वीस मिनिटे तापवून काटा १८० ला येतो का ते त्याच्यासमोर पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.